काटेरी किड्याचे नाव

मंडीदीपला समुद्र नाही. आहेत ते कारखाने आणि जवळून वाहणारी बेतवा. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांत पांढरे, काचेसारखे काटे रुतलेले पाहून मला प्रथम निवडुंगाचाच संशय आला. आईने मोबाईलवरील छायाचित्र दाखविले तेव्हा उलगडा झाला. खडकाखाली सापडलेला, गोमेसारखा दिसणारा प्राणी. दोन्ही अंगांना शुभ्र केसांचे झुबके. मुलाने तो चिमटीत धरला होता.

हा समुद्रातील वलयी प्राणी, आपल्या गांडुळाचा भाऊबंद. ‘पॉलिकीटा’ या त्यांच्या नावाचा अर्थच ‘पुष्कळ राठ केसांचे’ असा आहे. ११,००० हून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. अँफिनोमिडी कुळातील प्राण्यांचे केस मात्र चुनखडीयुक्त व ठिसूळ असतात. ते त्वचेत मोडतात आणि आग होते. बोट चोळू न देता मी चिकटपट्टी लावून काटे उचलले, उरलेले भिंगाखाली चिमट्याने काढले.

‘पण डॉक्टरसाहेब, हा नेमका कोणता किडा?’ आईचा प्रश्न रास्त होता.

कुळ छायाचित्रावरून सांगता आले, जात नाही. त्यासाठी डोक्यावरील डोळे, स्पर्शिका व मांसल उंचवटा पाहावा लागतो; वलयांच्या कडेचे वल्ह्यासारखे पाय कापून त्यांतील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. केस सलग की सांध्याचा, टोक दुभंगलेले की करवती, यावर निर्णय ठरतो. नेरीसच्या कुळात तर घसा उलटा बाहेर काढून त्यावरील दातांसारखे कण भागवार मोजतात! म्हणूनच नमुना आधी मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये शिथिल करून मग फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. डीएनएसाठीचा तुकडा मात्र थेट अल्कोहोलमध्ये जातो.

इतके करूनही फसगत होते. ‘युरिथोई कॉम्प्लनाटा’ या काटेरी प्राण्याचे वर्णन पल्लास यांनी १७६६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील नमुन्यांवरून केले. पुढे उष्ण समुद्रांत जिथे तिथे तेच नाव लागत गेले. २०१० मध्ये अटलांटिक व पॅसिफिकमधील नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत त्या एका नावाखाली किमान तीन जाती निघाल्या. आपल्याकडे फोव्हेल यांचा १९५३ चा ग्रंथ अजूनही हाताशी घेतला जातो. त्यातही परक्या समुद्रांतील नावे आपल्या प्राण्यांना पुष्कळ लागलेली आहेत. तपासणीविना प्रत्येक तापाला ‘व्हायरल’ म्हणणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी यावर हसू नये.

म्हणून केसपेपरवर मी ‘अँफिनोमिडी कुळ, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले. आईचे समाधान झाले नसावे. मुलाने मात्र शाळेच्या प्रकल्पासाठी ते नाव माझ्याकडून दोनदा अक्षरशः वदवून घेतले.