फॅशन डिझायनिंगला निघालेली मुलगी आणि रानातला हिरडा

दहावी-बारावीची परीक्षा आटोपली की पौड, माले, कोळवण भागातल्या घरांत हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलगी म्हणते, मला फॅशन डिझायनिंग शिकायचंय. वडील म्हणतात, म्हणजे शिवणक्लासच ना? मग फीचा आकडा कळतो आणि बोलणं तिथंच थांबतं.

माझं म्हणणं असं, की फी भरण्याआधी एक सुट्टी उमेदवारीला द्या. शहरात तिला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे सुताराच्या, लोहाराच्या हाताखाली पोरं अशीच तयार होत. भाताची कापणी-मळणी कधीच उरकलेली असते, पेरणीला अवकाश असतो, तेव्हा एप्रिल-मे हे दोन महिने सोयीचे.

येवला-पैठणच्या मागावर काय शिकायला मिळतं ते पाहा. पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला नसतो, वरून भरलेलाही नसतो. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी घेऊन तो विणतानाच उतरवतात, म्हणून अस्सल पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. भरजरी पदराला कित्येक महिने लागतात. दोन महिन्यांत मुलगी पैठणी विणणार नाही हे उघड आहे. कांड्या भरणं, तुटलेला धागा जोडणं, धागे मोजणं, एवढंच ती शिकेल. पण कागदावर काढलेली नक्षी मागावर का बसत नाही, हे तिला तिथंच कळेल. वर्गातल्या फळ्यावर ते कळायला फार वेळ लागतो.

येवला लांब वाटत असेल तर सुरुवात घरूनच करा. आपल्या डोंगरपट्ट्यातला हिरडा आपण औषधाचा म्हणून ओळखतो. कच्छमधल्या अजरख छपाईत मात्र कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवतात. हिरड्यातल्या टॅनिनमुळे पुढं तुरटी आणि रंग सुती कापडाला धरून राहतात. जुनं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेलं पाणी त्यावर लावलं, की काळा उमटतो. तुरटी लावून मंजिष्ठेत उकळलं, की लाल.

घरी करून बघायला १०० ग्रॅम धुतलेलं सुती कापड, २० ग्रॅम हिरड्याची पूड आणि १५ ग्रॅम तुरटी पुरे. आधी हिरडा, मग तुरटी, शेवटी झेंडूच्या फुलांचा काढा. दसऱ्यानंतर बांधावर टाकलेला झेंडू आठवा! फुलं वाळवून ठेवली तर उन्हाळ्यात पिवळा रंग घरचाच होतो. भांडं मात्र वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. काही जण रंग पक्का करायला मोरचूद वापरतात. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना ते बोर्डो मिश्रणामुळं माहीत आहे. ते विषारी आहे, त्याचं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका. शिकाऊ मुलांनी त्याला हात न लावलेलाच बरा. आणि हिरडा आपल्या मालकीच्या रानातलाच घ्या, ताम्हिणी अभयारण्यातून नाही.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे, हातमाग विणकाम नाही. वयाची अट किमान १८ वर्षं पूर्ण, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते, तो तिथं पडून राहिला तर पुढं सरकत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ही योजना लागू नाही. तिची उमेदवारी शिकण्यापुरतीच राहील. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही आणि १८ पर्यंत धोकादायक काम देता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुलीला पाठवण्याआधी पालकांनी स्वतः एकदा जाऊन यावं. राहायची सोय पाहावी आणि कारागिराला सरळ विचारावं, माझी पोर रोज हातानं काय करणार? उत्तरात नुसतं सर्टिफिकेटच आलं, तर दुसरी जागा बघावी.