लॅपटॉपची उचल घेण्याआधी : पहिल्या शॉर्ट फिल्मसाठी एडिटिंगचं सॉफ्टवेअर कोणतं?

मागच्या आठवड्यात केज तालुक्यातून एका पोराचा फोन आला. "सर, एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय. सत्तर हजाराचा आहे, हप्ता बांधून देतेत. घेऊ का?" मी विचारलं, काय बनवतोयस? म्हणाला, आईवडील ऊसतोडीला जातेत, दिवाळीनंतर टोळी निघायच्या आत त्यांच्यावर शॉर्ट फिल्म करायची. शूटिंग मोबाईलवर निम्मं झालंय.

आता बघा. आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन फडावर चाललेत, आणि पोरगं लॅपटॉपची उचल घ्यायला निघालंय. मी त्याला लगेच हो किंवा नको म्हणालो नाही. आधी कागद घ्यायला लावला. सत्तर हजार, वर्षाला १४ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता येतो ३,३६० रुपयांच्या आसपास, आणि दोन वर्षांत एकूण ८०,६०० च्या वर जातात. त्या पैशात फिल्मचा एक मिनिटसुद्धा वाढत नाही. मग त्याला विचारलं, "तुझ्या फिल्मला सत्तर हजाराच्या मशीनशिवाय न होणारं असं काय काम आहे, ते सांग." बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, कट करायचं, आवाज लावायचा, खाली मराठी अक्षरं टाकायची."

हे तिन्ही त्याच्या खिशातल्या फोनवर होतंय. आजचा लेख याच्यावरच आहे, कारण असा फोन करणारा तो एकटा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण "कोणतं सॉफ्टवेअर बेस्ट" म्हणून विचारता. बेस्ट असं काही नसतं. तुमच्या हातात कोणतं मशीन आहे आणि तुम्हाला काय बनवायचंय, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव, यंत्रमागांचं गाव. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. कलाकार गावातलेच, कॅमेरा लग्नात वापरतात तसला, आणि एडिटिंगला दोन व्हीसीआर. एकावर कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा. चुकलं तर मागं जाऊन पुन्हा. अनडू नावाचं बटण नव्हतंच. पुढं त्यांनी मालेगावचा सुपरमॅन केला, हिरव्या पडद्यासमोर माणूस उडवला. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. दोन व्हीसीआरवर जे झालं, त्याच्यापेक्षा जास्त सोय आज दहा-बारा हजाराच्या फोनमध्ये आहे. पण कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला फेकायचा, हे त्यांना पार्लरमध्ये शेकडो पिक्चर बघून कळलं होतं. ते कोणत्या ॲपमध्ये येत नाही.

आता कामाचं बोलू. तुमच्याकडं फक्त फोन असेल तर व्हीएन घ्या. फुकटात वॉटरमार्क न लावता एक्सपोर्ट करतं, लेअर लावता येतात, आवाज वेगळा करता येतो. काईनमास्टर जुनं आणि भरवशाचं आहे, पण फुकटच्या आवृत्तीत त्याचा शिक्का व्हिडिओवर राहतो. स्टेटस आणि रीलसाठी इनशॉट चालतंय, दहा मिनिटांच्या गोष्टीला मात्र ते तोकडं पडतं. गूगलचं यूट्यूब क्रिएट अँड्रॉइडवर फुकट आहे, नवशिक्याला सोपं. आयफोन असेल तर आयमूव्ही आहेच. कॅपकटची पुण्या-मुंबईची पोरं लई तारीफ करतात, पण ते टिकटॉकवाल्या कंपनीचं आहे आणि भारतात अधिकृतपणे मिळत नाही. कुठल्यातरी लिंकवरून त्याची फाईल उतरवून फोनमध्ये घालू नका. त्याच फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे.

घरात जुना कॉम्प्युटर असेल, ४ किंवा ८ जीबी रॅमचा, तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. दोन्ही पूर्ण फुकट, मुक्त स्रोताची, कसलाही शिक्का नाही. विंडोज ११ असेल तर त्यात क्लिपचॅम्प आधीपासूनच असतं, १०८० पर्यंत फुकट एक्सपोर्ट देतं. जुनं मूव्ही मेकर अजून शोधत असाल तर सोडून द्या, मायक्रोसॉफ्टनं ते जानेवारी २०१७ मध्येच बंद केलं. त्या नावानं आज इंटरनेटवर जे दिसतं त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आणि दा विंची रिझॉल्व. सगळे यूट्यूबवाले हेच सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. मोठ्या सिनेमांचे रंग त्याच्यावर होतात, आणि फुकटची आवृत्तीसुद्धा अल्ट्रा एचडीपर्यंत बिनशिक्क्याचं एक्सपोर्ट देते. पण कंपनी स्वतःच किमान १६ जीबी रॅम सांगते आणि बरं ग्राफिक कार्डही लागतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर ते टाकणं म्हणजे हिरो होंडाला उसाची ट्रॉली जोडणं. चालू होईल, हलणार नाही. आणि मग आपलं पोरगं म्हणतं, "मला एडिटिंग जमत नाही." अरे, तुला जमतंय, मशीनला जमत नाही!

जड फाईलसाठी एक युक्ती सांगतो, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये 'प्रॉक्सी' नावाची सोय आहे. सॉफ्टवेअर तुमच्या मूळ क्लिपची हलकी नक्कल बनवतं, तुम्ही नकलेवर काम करता, आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपमधून होतं. जुन्या मशीनवर एवढ्यानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी अडचण आवाजाची. फोन बऱ्याचदा एकसारख्या फ्रेम रेटनं शूट करत नाही, उजेड कमी झाला की वेग बदलतो. मग लांब क्लिपमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी माणूस आधी बोलतो आणि आवाज मागनं येतो. शॉटकट अशी क्लिप ओळखतं आणि रूपांतर करू का म्हणून विचारतं. तिथं हो म्हणा. आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करत असाल तर प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

आता आपल्या मराठीचं. इंग्रजी व्हिडिओत हे कुणी सांगणार नाही. सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात एवढे शब्द टाईप करून बघा : विठ्ठल, कुऱ्हाड, दुसऱ्या, दृष्टी, कार्यक्रम. जोडाक्षर तुटलं, रफार भलतीकडं गेला, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसली, तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट तुमच्या कामाचा नाही. फॉन्ट युनिकोडचाच घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, व्यवसायातही वापरता येतात. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानातून आणलेले जुने फॉन्ट छपाईला ठीक असतात, पण व्हिडिओत युनिकोड मजकुराला ते लावले की कचरा दिसतो. मी स्वतः एका कार्यक्रमाच्या व्हिडिओत प्रमुख पाहुण्यांच्या नावाची वाट लावलेली आहे. गावभर फिरला तो व्हिडिओ.

लग्नाचं शूटिंग करणारे मित्र एडियस वापरतात, कारण त्यांना तयार प्रोजेक्ट मिळतात. फोटो टाकला, नाव बदललं, झालं. त्यांच्या धंद्याला ते बरोबर आहे. पण "आमच्या स्टुडिओतलं घे" म्हणून कुणी पेनड्राईव्ह दिला तर हात मागं घ्या. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा फटका मी खाल्लाय. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्याकडून असंच आणलं. दोन दिवसांनी सकाळी कॉम्प्युटर लावला तर एका घरच्या हळदीचं सगळं फुटेज बंद. प्रत्येक फाईलच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं, आणि एक चिठ्ठी : डॉलरमध्ये पैसे द्या, मग उघडून देतो. पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. नवरीच्या वडिलांना तोंड दाखवायला मला महिना लागला, आणि घेतलेली रक्कम परत केली ती वेगळीच.

म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही असो, मूळ क्लिप दोन ठिकाणी ठेवा. साधं १०८० चं शूटिंग मिनिटाला १२०-१३० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तासाभराचं फुटेज साधारण ८ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात एवढी फिल्म आरामात बसते. आणि फोनवरच्या ॲपमध्ये एक धोका आहे. गॅलरीतून मूळ क्लिप उडवली की प्रोजेक्टमध्ये तिथं काळं दिसतं. जागा कमी पडली म्हणून ॲप काढून टाकलं तर त्यातलं कामही गेलं. मित्राकडं क्लिप पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर आईचा चेहरा समजणारच नाही, एवढा धुरकट होतो.

गाण्याचं थोडक्यात : चित्रपटातलं गाणं लावलं तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि कमाई गाण्याच्या मालकाकडं जाऊ शकते. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकटचं संगीत आहे. पण तुमच्या गावात भजनी मंडळ असेल तर विचारून त्यांचाच पखवाज रेकॉर्ड करा. माझं मत विचाराल तर तेच लावा.

मग लॅपटॉप कधी घ्यायचा? जेव्हा दुसऱ्याचं काम तुमच्याकडं पैसे देऊन यायला लागेल, आणि सलग तीन-चार महिने त्या कामातून हप्त्याच्या दुप्पट रक्कम हातात राहील. ३,३६० चा हप्ता असेल तर ६,७०० च्या वर. त्याच्या आत घेतला तर तो हप्ता घरातलं कुणीतरी भरणार, आणि आपल्या घरात ते कोण भरतं हे तुम्हाला माहीत आहे.

केजच्या पोराला मी तीन दिवसांचं काम दिलं. एक रुपया खर्च न करता, फोनवरच, फक्त आईचे शॉट घेऊन दोन मिनिटांचा तुकडा बनव. चौथ्या दिवशी त्यानं पाठवला, डॉक्युमेंट म्हणूनच. आई कोयत्याला धार लावतीय, मागं रेडिओ चालू आहे, आणि मध्येच ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणते, "बास की आता, चार्जिंग संपंल." तो शॉट त्यानं आधी कापून टाकला होता, खराब आहे म्हणून. मी म्हणालो, परत लाव. लॅपटॉपवाल्या दुकानदाराला त्यानं फोन करून नाही सांगितलंय. टोळी निघायला अजून वेळ आहे, आणि वडिलांचं शूटिंग बाकी आहे.