वंशावळीची वही आणि संगणकाचा वृक्ष

उज्जैनच्या महाविद्यालयात मुलांना संगणकातील माहितीच्या रचना शिकविताना आम्ही प्रथम व्याख्याच सांगत असू. मुले त्या पाठ करीत. ‘वृक्ष’ मात्र कोणाच्या मनात रुजेना. अखेर आम्ही त्यांना रामघाटावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपाशी नेले.

जात, गाव, आडनाव अशा वाटेने उपाध्याय यजमानाच्या वंशावळीपाशी पोचतात. प्रत्येक फाट्यावर इतर फांद्या आपोआप मागे पडतात. वृक्षाचे मर्म हेच. क्रमवार लावलेल्या १००० नावांतही मध्यावर पाहून निम्मी निम्मी वगळीत गेल्यास फार तर १० वेळा पाहावे लागते. यादी विस्कळीत असेल, तर कदाचित १००० वेळा!

आमच्यातील एका मराठी विद्यार्थ्यास उपाध्यायांनी मूळ गाव विचारले. त्यास ते सांगता येईना. वह्या समोर, पूर्वजांची नावे त्यांतच कोठेतरी. पण वाट बंद! रात्री त्याने आजीला विचारले आणि दुसऱ्या दिवशी पणजोबांची मोडीतील सही डोळे भरून पाहिली. त्यानंतर ‘वृक्ष’ त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

माहिती साठविणे सोपे. ती सापडेल अशी मांडणे, हीच खरी विद्या. वाचकहो, आपल्या मुलांना मूळ गाव ठाऊक आहे ना?