परक्या मुलखात परक्या भाषेचे मास्तर

परदेशी जाऊन विद्या शिकावी की नाही, या प्रश्नाचा काथ्याकूट महाराष्ट्राने शंभरांहून अधिक वर्षे केला आहे. समुद्रपर्यटन, प्रायश्चित्त, शिष्यवृत्त्या, परत आलेले आणि तिकडेच राहिलेले, हे सारे विषय व्याख्यानमालांतून बोलून झाले. परंतु परदेशी जाऊन विद्या शिकवावी की नाही, हे आपण क्वचितच विचारतो. ते आता विचारावयास हवे. अर्नाळा, आगाशी, बोळिंज या आपल्या पट्ट्यातून रोज बसने विरारला जाऊन लोकल पकडणारी मुलेमुली इंग्रजी घेऊन बी. ए., बी. एड. होतात. येथे विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबण्यापेक्षा माद्रिद, प्राग किंवा बर्लिनला जाऊन इंग्रजी का शिकवू नये, असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही.

या बेताचे फायदे जाहिराती सांगतातच. म्हणून आम्ही येथे तोट्यांची बाजू मांडणार आहोत. कोणी जाऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. वाडी विकत घेताना विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते, हे विचारणारा माणूस वाडीचा शत्रू नसतो.

प्रथम हे पाहू की, युरोपला बाहेरचा इंग्रजी शिक्षक हवा आहे तो कोठे. २००२ साली बार्सिलोना येथे युरोपीय संघाच्या देशांच्या प्रमुखांनी ठरविले की, प्रत्येक मुलास मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा लहान वयापासून शिकवाव्यात. त्या दोहोंत बहुतेक ठिकाणी इंग्रजी असतेच. तेव्हा काम पुष्कळ आहे, हे खरे. परंतु सरकारी शाळांतील कायम जागा तेथील माणसांसाठी आणि तेथील पद्धतीने भरल्या जातात. फ्रान्स, स्पेन व इटली येथे त्यासाठी स्पर्धापरीक्षा असतात. जर्मनीत बहुतेक शिक्षकांना दोन विषयांत विद्यापीठाचे शिक्षण आणि त्यानंतर शाळेत दीर्घ उमेदवारी करावी लागते. हे सर्व त्या त्या देशाच्या भाषेत. मग बाहेरून आलेल्यासाठी उरतात ते खाजगी भाषावर्ग, कंपन्यांतील नोकरांच्या शिकवण्या आणि संध्याकाळचे क्लास. म्हणजे आपण ज्याला 'युरोपातील शिक्षकाची नोकरी' म्हणतो, ती पुष्कळदा शाळेतील नोकरी नसतेच.

त्या क्लासांच्या दारातही दोन अडसर आहेत. एक परवान्याचा. संघातील कोणत्याही देशाचा नागरिक संघात कोठेही परवान्यावाचून काम करू शकतो. आयर्लंड आणि माल्टा येथे इंग्रजी ही राजभाषा आहे, आणि तेथील माणसांना हे दार उघडेच आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले, आणि त्या वर्षाअखेर संक्रमणाची मुदत संपल्यापासून नव्याने जाणाऱ्या ब्रिटिश माणसालाही आयर्लंड सोडून इतरत्र परवाना लागतो. आपल्याला तर तो लागतोच. आणि प्रवासी व्हिसावर जाऊन 'तेथे पाहून घेऊ' म्हणणे हा शुद्ध धोका आहे. शेंगेन प्रदेशात त्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते, आणि नोकरीचा हक्क त्याने मिळत नाही.

या बाबतीत वसईकराच्या वाट्याला इतिहासाने एक गमतीदार अन्याय ठेवला आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. मराठ्यांनी १७३७ साली अर्नाळ्याचा जलदुर्ग घेतला आणि १७३९ साली वसई. गोवा, दमण व दीव मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होते. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, व त्याचा लाभ पुढच्या पिढ्यांनाही झाला आहे. ते घेतले की भारताचे नागरिकत्व जाते, ही गोष्ट वेगळी. पण युरोपात कामाचे दार उघडते. आमच्या वसईतही लोपीस, डिमेलो, परेरा आहेत. आडनाव तेच, प्रार्थना तीच, पण कागद नाही. दमणच्या परेराला परवाना लागत नाही आणि वसईच्या परेराला लागतो, त्याचे कारण चिमाजीअप्पांच्या मोहिमेत आहे!

दुसरा अडसर मनातला आहे, आणि तो अधिक चिवट आहे. पुष्कळ वर्गचालकांना 'मातृभाषा इंग्रजी' असलेला शिक्षक हवा असतो. १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनावर एक परिषद भरली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, हे मत तेथे दृढ झाले. १९९२ साली रॉबर्ट फिलिप्सन यांनी या मताला भ्रम ठरविले. त्यांचा मुद्दा सरळ होता : जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला, त्याला शिकणाऱ्याची अडचण अधिक कळते. अर्नाळ्याच्या मुलीचेच पाहा. तिच्या घरात मांगेली किंवा वाडवळी, शाळेत प्रमाण मराठी, गाडीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत कसे जावे, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पण तिकडे भाव लागतो तो उच्चाराला, अनुभवाला नव्हे. मौज अशी की, नेमून दिलेले एखादे प्रत्यक्ष काम करता करता भाषा शिकण्याची जी पद्धत आज युरोपातील वर्गांतही वापरतात, तिच्या जडणघडणीत १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांत चालविलेल्या 'बंगलोर प्रकल्पा'चा मोठा वाटा आहे. पद्धत आमची चालते, मास्तर मात्र चालत नाही.

समजा, हे अडसर ओलांडले आणि काम मिळाले. आता पैशाचा हिशेब. अशा वर्गांत मोबदला बहुधा तासावर असतो. शिकविलेला तास मोजला जातो. त्या तासाची तयारी, वह्या तपासणे, आणि शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यात गेलेला वेळ मोजला जात नाही. अनेक वर्ग जुलै-ऑगस्टात बंद असतात. त्या महिन्यांत पगार थांबतो, घरभाडे थांबत नाही. शिवाय शिक्षकाला 'नोकर' न म्हणता 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणण्याची चाल आहे. शब्द मोठा मानाचा दिसतो. त्याचा अर्थ असा की, रजा, आजार आणि म्हातारपण ज्याचे त्याने पाहावे. जर्मनीत अशा स्वतंत्र शिक्षकाला मिळकतीचा १८.६ टक्के भाग निवृत्तिविम्यासाठी एकट्याने भरावा लागतो. नोकरदार असता तर निम्मा भाग मालकाने भरला असता. आजारपणाचा विमा निराळाच. हेरेनबर्ग या गावच्या एका संगीतशिक्षिकेचा खटला तेथील सर्वोच्च सामाजिक न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२२ साली न्यायालयाने ठरविले की, ती नावाला स्वतंत्र असली तरी वस्तुतः शाळेची नोकरच होती. एवढा झगडा तेथील शिक्षिकेला करावा लागला. मग आपल्या परवान्यासाठी वर्गचालकावर अवलंबून असलेला परका मनुष्य तक्रार करण्यास किती धजेल?

घराचीही तीच तऱ्हा. जर्मनीत घरमालकाला तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेता येते. राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि तीसाठी घरमालकाचा दाखला लागतो. त्या नोंदीवाचून पुढची कामे अडतात. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून घर मिळत नाही, आणि घर नाही म्हणून बाकीचे कागद मिळत नाहीत, असा फेरा नवख्याच्या नशिबी अनेकदा येतो. हा पहिला काळ घरून आणलेल्या पैशावर काढावा लागतो. तो पैसा आईच्या दागिन्यांचा किंवा वाडीवर काढलेल्या कर्जाचा असेल, तर तासाच्या मोबदल्यातून तो फिटणे कठीण.

यापुढचा तोटा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी होते. परदेशी गेलेला सुतार, परिचारिका किंवा इंजिनिअर कामाच्या निमित्ताने तेथील भाषा शिकतो. इंग्रजीचा मास्तर ती शिकत नाही, कारण त्याचे कामच इंग्रजी बोलण्याचे. वर्गात स्थानिक भाषेचा शब्द काढू नये, अशी पुष्कळ ठिकाणी ताकीद असते. संध्याकाळी तो दमून परततो, तेव्हा जर्मन किंवा स्पॅनिश शिकण्याचे त्राण उरत नाही. पाच वर्षांनी पाहावे तर शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे बोलता येत नाही, आणि इंग्रजीचा क्लास सोडून दुसरे काम मिळत नाही. जी भाषा त्याला तेथे घेऊन गेली, तीच त्याच्या दाराला बाहेरून कडी लावते.

इकडे परत यावे, तर तीही वाट सोपी नाही. अनुदानित शाळेतील ज्येष्ठता परदेशातील खाजगी क्लासमध्ये घालविलेल्या वर्षांनी वाढत नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकास पात्रता परीक्षा द्यावी लागते, ती लागतेच. बरोबरीची माणसे तोवर कायम झालेली असतात. तिकडे शिडी नव्हती, आणि इकडची शिडी दुसऱ्यांनी चढून झालेली.

राहता राहिले मन. हिवाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. रात्री नऊला क्लास सुटला की अर्नाळ्यात दीड वाजलेला असतो. घरी कोणाशी बोलणार? डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तेथे पावणेआठ तासांचाही नसतो. ज्याने समुद्रावरचे ऊन जन्मभर पाहिले, त्याला ही गोष्ट किरकोळ वाटते ती जाईपर्यंतच.

आणि हे केवळ दुबळ्यांचे दुखणे नव्हे. आपल्यातील दोन थोर माणसांची उदाहरणे पाहा. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत. वाँटेजच्या मठातील भगिनींकडून त्यांनी इंग्रजी शिकावे, आणि हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावी, असे ठरले होते. थोड्याच महिन्यांत आनंदीबाईंनी तेथे आत्महत्या केली. कमी ऐकू येत असल्यामुळे रमाबाईंचा वैद्यकीचा बेत राहिला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात १८८४ ते १८८६ या काळात शिकता शिकता त्यांनी संस्कृत शिकविले. पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले, त्यांना कोणाला शिकवायचे हे ठरविण्याचा अधिकार तेथे नव्हता. धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली शिकविण्यास लेनिनग्राडला गेले. तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही. ते लवकरच परतले, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सामील झाले.

लक्षात घ्या, ही दोघे आपली विद्या घेऊन गेली होती. संस्कृत, मराठी, पाली यांसाठी युरोपने त्यांना बोलाविले, आणि तरीही त्यांना एवढे सोसावे लागले. मग जी भाषा युरोपला आपल्याकडून घ्यावीशी वाटतच नाही, ती विकण्यास निघालेल्या तरुणाने किती सावध असावे!

उलट दिशेने आलेल्या एका मास्तराचेही स्मरण करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास आला. त्याने येथील भाषा आत्मसात केल्या, १६१६ साली मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण छापविले, आणि १६१९ साली तो याच भूमीवर वारला. त्याच्या हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो. पण परक्या मुलखात शिकविणाऱ्याने आधी त्या मुलखाचे शिष्य व्हावे लागते, ही गोष्ट त्याच्या चाळीस वर्षांवरून शिकावी.

तेव्हा ज्यांना जायचेच आहे, त्यांना आमचे चार शब्द. ज्या शहरी जायचे तेथील भाषा निघण्यापूर्वी बोलण्याइतकी शिकावी. मुदत आणि काम ठरलेली योजना शोधावी. उदाहरणार्थ, फ्रान्सच्या शाळांत परदेशी भाषासाहाय्यक नेमतात, ते बहुधा ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला बारा तास. अशा योजनेत आपल्याला प्रवेश आहे की नाही, ते त्या देशाच्या वकिलातीत विचारावे. गल्लीतल्या दलालाला नव्हे. करारात 'नोकर' लिहिले आहे की 'स्वतंत्र', सुट्टीचे महिने पगारी आहेत की बिनपगारी, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आणि कर्ज काढून जाऊ नये.

जे जाणार नाहीत त्यांच्याविषयी गावाला मात्र एक गोष्ट सांगणे आहे. चार भाषांतून वाट काढत आलेला इंग्रजीचा चांगला शिक्षक आपल्या शाळांना हवा आहे, कोळीवाड्यातल्या आणि वाड्यांतल्या मुलांना तर सर्वांत अधिक हवा आहे. त्याला आपण महिन्याकाठी काय देतो, वेळेवर देतो की नाही, आणि किती वर्षे तात्पुरता ठेवतो, हे प्रत्येक शाळेच्या चालकांनी आणि पालकांनी स्वतःला विचारावे. युरोपातील ज्या गोष्टींबद्दल आम्ही एवढे बोललो, तासावरचा मोबदला, सुट्टीत उपास, म्हातारपणाची हमी नाही, त्या आपल्या गावातही चालत असतील, तर 'जाऊ नकोस' असे सांगण्याचा आपल्याला काय अधिकार?