मोटारगाडीचे निलंबन व प्रवाससुख

मोटारगाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, दांडे व सांधे यांच्या एकत्रित योजनेला निलंबन किंवा सस्पेन्शन म्हणतात. या योजनेकडून दोन कामे अपेक्षित असतात. रस्त्यावरील खाचखळग्यांमुळे चाकांना बसणारे धक्के उतारूंपर्यंत शक्य तितके कमी पोहोचू देणे हे पहिले, तर प्रत्येक टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे हे दुसरे. टायर रस्त्यावरून क्षणभर जरी उचलला गेला, तरी तेवढ्या वेळेपुरते त्या चाकावर ब्रेक व सुकाणू यांचे नियंत्रण राहत नाही. मऊ निलंबन सुखकर पण अस्थिर आणि ताठ निलंबन त्रासदायक पण सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. तो काही अंशीच खरा आहे. प्रवाससुख केवळ स्प्रिंगेच्या मऊपणावर अवलंबून नसून स्प्रिंग, धक्काशोषक, चाकाला वर-खाली होण्यास उपलब्ध असलेला वाव आणि गाडीच्या वजनाची विभागणी यांच्या परस्परमेळावर ते ठरते. पुरेसा वाव नसताना वापरलेली मऊ स्प्रिंग प्रत्यक्षात ताठ स्प्रिंगेपेक्षाही अधिक त्रास देते.

मानवी शरीर व कंप : दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात व ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. सर्व कंप्रतांचा शरीराला सारखाच त्रास होत नाही. बसलेल्या माणसाच्या धडाचे अनुस्पंदन सुमारे ५ हर्ट्‌झला होते; त्यामुळे उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्‌झ कंप्रतेचे कंप सर्वांत अधिक जाणवतात. चालताना शरीर दर सेकंदास दीड ते दोन वेळा वर-खाली होत असते. या कंप्रतेच्या आसपासची सौम्य हालचाल माणसाच्या अंगवळणी पडलेली असल्याने तिचा विशेष त्रास होत नाही. याउलट ०·१ ते ०·५ हर्ट्‌झ इतक्या मंद हालचालींनी मळमळ सुरू होते. बोट लागते ती यामुळेच. मात्र घाटात गाडी लागण्यास उभ्या हालचालीपेक्षा वारंवार येणारी वळणे व ब्रेक यांमुळे होणारी आडवी व पुढे-मागे होणारी हालचाल अधिक कारणीभूत असते. तेथे स्प्रिंगेइतकेच किंबहुना अधिक महत्त्व चालकाच्या हाताला असते.

सर्वांगास पोहोचणाऱ्या कंपांच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २६३१ क्रमांकाचे मानक १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले व १९९७ मध्ये त्यात सुधारणा केली. दीर्घकाळ वाहन चालविणाऱ्या व्यक्तींमध्ये कंबरदुखी अधिक प्रमाणात आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशानुसार आठ तासांच्या कामाच्या हिशोबाने कंपांच्या भारित प्रवेगाचे मूल्य ०·५ मी./से.² पेक्षा अधिक झाल्यास मालकाने उपाययोजना करावयाची असून १·१५ मी./से.² ही कमाल मर्यादा आहे. निलंबन हा केवळ चैनीचा विषय नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

स्प्रिंगेचे कार्य : स्प्रिंगेवर टेकलेले वस्तुमान दाबून सोडले असता ते ठराविक कंप्रतेने वर-खाली होते. ही त्याची नैसर्गिक कंप्रता होय. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितकी ही कंप्रता कमी असते. १ हर्ट्‌झ कंप्रतेसाठी स्प्रिंग स्थिर वजनाखाली सुमारे २५ सेंमी., १·५ हर्ट्‌झसाठी सुमारे ११ सेंमी. व २ हर्ट्‌झसाठी सुमारे ६ सेंमी. दबावी लागते. नेहमीच्या वापरातील मोटारगाड्यांत ही कंप्रता साधारणपणे १ ते १·५ हर्ट्‌झ ठेवतात. वेगवान क्रीडागाड्यांत ती याहून अधिक असते.

मऊ स्प्रिंगेचा लाभ एका उदाहरणावरून लक्षात येईल. काँक्रीटच्या रस्त्यावर दर ४·५ मी. अंतरावर सांधे असून त्यांवरून गाडी ताशी ८० किमी. वेगाने जात आहे, असे मानल्यास चाकांना दर सेकंदास सुमारे पाच ठोके बसतील. हीच कंप्रता शरीराला सर्वांत त्रासदायक असते. धक्काशोषकांचा परिणाम वगळला, तर १ हर्ट्‌झ नैसर्गिक कंप्रतेच्या गाडीत अशा हालचालीचा सुमारे ४ टक्के भाग सांगाड्यापर्यंत पोहोचतो, तर २ हर्ट्‌झच्या गाडीत सुमारे १९ टक्के. म्हणजे कंप्रता दुप्पट झाल्याने त्रास दुप्पट न होता साडेचार पटींपेक्षा अधिक होतो.

अवमंदन : स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठविते, नाहीशी करीत नाही. एकदा दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते व गाडी बराच वेळ झोके घेत राहते. हे झोके शमविण्याच्या क्रियेला अवमंदन म्हणतात व ते काम धक्काशोषक करतो. त्यातील दट्ट्या तेलातून सरकताना तेल अरुंद छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. अवमंदन कमी असल्यास गाडी होडीप्रमाणे तरंगते. अधिक असल्यास धक्काशोषकच एखाद्या ताठ दांड्याप्रमाणे लहान धक्के सरळ वर पाठवितो. त्यामुळे ‘ताठ’ वाटणाऱ्या पुष्कळ गाड्यांतील दोष स्प्रिंगेचा नसून धक्काशोषकाच्या झडपांचा असतो. उलट, झिजलेला धक्काशोषक काही दिवस गाडी मऊ झाल्याचा आभास निर्माण करतो. प्रत्यक्षात टायर उड्या मारू लागतात व ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन जवळजवळ तत्काळ स्थिरावली, तर धक्काशोषक सर्वसाधारणपणे ठीक आहे, असे समजतात.

वाव व भार : लहान मोटारगाडीत मऊ स्प्रिंग वापरण्यातील मुख्य अडचण भाराची असते. मोठ्या जड गाडीत पाच उतारूंमुळे वजन थोडेच वाढते. हलक्या गाडीत ते फार वाढते. मागील दोन चाकांच्या स्प्रिंगांवर रिकाम्या गाडीचे २८० किग्रॅ. व पूर्ण भरलेल्या गाडीचे ५०० किग्रॅ. वजन येते, असे समजू. रिकाम्या गाडीसाठी १ हर्ट्‌झची मऊ स्प्रिंग निवडल्यास उतारू बसल्यावर गाडीचा मागील भाग सुमारे २० सेंमी. खाली जाईल. एवढा वाव लहान गाडीत नसतो. त्यामुळे स्प्रिंगेची हालचाल संपून सांगाडा रबरी अडसरावर आपटू लागेल आणि ज्या गाडीची स्प्रिंग सर्वांत मऊ तिचेच धक्के सर्वांत कठोर ठरतील. म्हणून अभिकल्पक १·५ हर्ट्‌झची ताठ स्प्रिंग निवडतो. मग गाडी सुमारे ९ सेंमी. दबते व भरल्यावर तिची कंप्रता सुमारे १·१ हर्ट्‌झपर्यंत उतरते. रिकामी असताना आदळणारी गाडी माणसे भरल्यावर शांत चालते, या नेहमीच्या अनुभवाचे हेच कारण आहे. मात्र त्याच वेळी धक्काशोषकाचा सापेक्ष प्रभावही सुमारे एकचतुर्थांशाने घटतो व भरलेली गाडी थोडी तरंगते. भार वाढेल तसा ताठपणा वाढणाऱ्या स्प्रिंगा, मदतीचे पाटे व क्रमाक्रमाने दबणारे अडसर हे यावरील काही उपाय होत.

स्प्रिंगेखालील वस्तुमान : चाक, टायर, ब्रेक व आसाचा काही भाग स्प्रिंगेच्या खाली असतो. हा भाग टायरच्या लवचिकतेवर साधारणपणे १० ते १५ हर्ट्‌झ कंप्रतेने थरथरतो. तो जितका जड, तितकी रस्त्याचा आकार अनुसरण्याची चाकाची क्षमता कमी. शोभेसाठी मोठ्या व्यासाची चाके व अरुंद बाजूंचे टायर बसविल्यास वजन वाढते आणि टायरमधील हवेची उशीही पातळ होते. मग स्प्रिंग कितीही मऊ असली, तरी बारीक खडबडीतपणा आत जाणवतो. टायरमध्ये ठरविलेल्या दाबापेक्षा अधिक हवा भरल्यानेही असाच परिणाम होतो.

ऐतिहासिक विकास : घोड्यांच्या गाड्यांसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग ओबाडाया एलियट यांनी इंग्लंडमध्ये १८०४ च्या सुमारास प्रचारात आणली आणि मोटारगाडीने ती तशीच उचलली. प्रारंभीच्या गाड्यांत पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून ताठ असत. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत १९३० पासून काम करणारे इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी वजने पुढे-मागे सरकविता येतील अशी चाचणीगाडी तयार करून या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. उंचवट्यावर पुढील चाक आधी व मागील चाक नंतर चढत असल्याने गाडीचे पुढील टोक आधी झोके घेऊ लागते. मागील स्प्रिंगांची कंप्रता थोडी अधिक ठेवली, तर मागील टोक पुढच्या टोकाला लवकर गाठते व पुढे-मागे डोलणे शमते, असे त्यांना आढळले. पुढील स्प्रिंगा मऊ करण्यासाठी पुढील चाके एकमेकांपासून स्वतंत्र करणे आवश्यक ठरले व जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत अशी योजना करण्यात आली.

लहान गाडीच्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे यूरोपात मिळाली. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीची ‘टू सीव्ही’ ही गाडी १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता नेता यावी, अशी तिच्याकडून अपेक्षा असल्याचे सांगितले जाते. तीत चाकांच्या हालचालीस भरपूर वाव होता. एका बाजूचे पुढील व मागील चाक आडव्या नळकांड्यातील स्प्रिंगांनी परस्परांशी जोडलेले असल्याने पुढील चाक उचलले जाताच मागील बाजूही सावरली जाई. ही गाडी वळणावर पाहणाऱ्यास भीती वाटावी इतकी कलत असे, तरीही चाके रस्ता सोडीत नसत. तिचे उत्पादन १९९० पर्यंत चालू होते. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या ‘मिनी’ गाडीत अभिकल्पक ॲलेक इसिगोनिस यांनी १० इंची चाके वापरून जागेची बचत केली. चाकांना वाव थोडा मिळाल्याने ॲलेक्स मोल्टन यांनी भाराबरोबर ताठ होत जाणारे रबरी शंकू स्प्रिंगांच्या जागी योजिले. ही गाडी वळणावर अत्यंत चपळ होती व तिने १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी माँटे कार्लो रॅली जिंकली. मात्र खराब रस्त्यावर ती उतारूंना हादरवीत असे. १९६४ ते १९७१ या काळात मिनीच्या काही प्रकारांत पुढील व मागील चाके द्रवाने जोडणारी योजना वापरली गेली, परंतु पुढे पुन्हा रबरी शंकूंचाच अवलंब करण्यात आला. सिट्रोएनच्या १९५५ मधील ‘डीएस’ या गाडीत नायट्रोजन वायू हीच स्प्रिंग होती आणि दाबाखालील तेल भारानुसार गाडीची उंची कायम राखीत असे. मऊपणा व भार यांतील विरोध तिने जवळजवळ मिटविला, परंतु त्यासाठी मोठा खर्च व कुशल देखभाल आवश्यक होती.

भारतात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या गाड्यांपैकी २०१४ पर्यंत उत्पादित झालेल्या अँबॅसडर गाडीत पुढे पीळदांडे, तर मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या पद्मिनी गाडीत पुढे वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. मागील बाजूस दोहोंतही अखंड आस व पाटे होते. पाटे स्वस्त, टिकाऊ व कोठेही दुरुस्त करता येण्याजोगे असतात. तथापि त्यांच्यात धूळ व गंज साचल्यास घर्षण वाढते. मग लहान धक्क्याने पाटे हलतच नाहीत आणि मुळात मऊ असलेली गाडी ताठ चालते. ते वेगळे करून साफ करणे व त्यांस वंगण देणे हा यावर साधा उपाय होय. मुंबईच्या टॅक्सींत पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत वापरात होती.

कलणे व सुरक्षितता : वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते. उंच गुरुत्वमध्याच्या गाडीत हे कलणे अधिक असते व ते आवरण्यासाठी स्प्रिंगा ताठ कराव्या लागतात किंवा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा कलरोधक दांडा बसवावा लागतो. दोन्ही चाके एकदम उचलली गेल्यास हा दांडा निष्क्रिय राहतो. पण एकच चाक खड्ड्यात गेल्यास तो स्प्रिंगेचा ताठपणा वाढवितो व उतारूंची डोकी दोन्ही बाजूंना हेलकावतात. खडबडीत रस्त्यासाठी म्हणून घेतलेली उंच गाडी त्याच रस्त्यावर पुष्कळदा अधिक हादरते, याचे हे एक कारण आहे.

अलीकडील योजना : धक्काशोषकाचा विरोध प्रवासात सतत बदलता आला, तर मऊ स्प्रिंग व स्थिरता ही दोन्ही साधता येतात. यासाठी विद्युत् नियंत्रित झडपा वापरतात. चुंबकीय क्षेत्रात दाट होणारे तेल असलेले धक्काशोषक २००२ पासून मोटारगाड्यांत आले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत विद्युत् घटमालेच्या वजनामुळे उतारूंचा भार तुलनेने लहान ठरतो, परंतु तेवढे वजन पेलण्यासाठी स्प्रिंगाही अधिक ताठ कराव्या लागतात.

सामान्य वापरातील गाडीचे निलंबन पारखताना ती केवळ रिकामी व गुळगुळीत रस्त्यावर चालवून निर्णय करणे उचित नसते. पूर्ण भारासह, नेहमीच्या खराब रस्त्यावर व नेहमीच्या वेगाने ती चालविल्यासच स्प्रिंगेचा मऊपणा, धक्काशोषकाचा आवर व चाकांचा वाव यांचा मेळ कितपत बसला आहे, हे कळते. ज्या निलंबनात हा मेळ साधला आहे, त्यात उतारूंचे सुख व टायरची रस्त्यावरील पकड या दोन्ही गोष्टी बऱ्याच मर्यादेपर्यंत एकाच वेळी साध्य होतात.