चेहऱ्याचे लोशन: ओलावा किती, उजळपणा किती

वनस्पतींचे अर्क घातलेल्या लोशनच्या बाटलीवर बहुधा दोन कामे लिहिलेली असतात: चेहऱ्याला ओलावा देणे आणि चेहरा उजळवणे. पहिले काम ते चांगले करते. दुसरे होते ते सावकाश, आणि मर्यादेतच.

वाशीम जिल्ह्यात गरज आहे ती पहिल्या कामाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यातली हवा कोरडी असते. सोयाबीन-तुरीच्या शेतात किंवा दुचाकीवर दिवस घालवणाऱ्यांचे गाल उलतात, ओठ फुटतात. लोशनमधले ग्लिसरीन आणि कोरफडीचा गर पाणी धरून ठेवतात, तेल आणि मेण ते उडू देत नाहीत. चेहरा धुऊन टिपल्यावर तो किंचित ओला असतानाच लोशन लावले तर ओलावा जास्त वेळ टिकतो. कोरडी, पांढुरकी पडलेली त्वचा त्यामुळे लगेच तुकतुकीत दिसते. पहिल्या आठवड्यात जाणवणारा उजळपणा बहुतांशी एवढाच असतो.

रंगाचा मामला वेगळा आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होते ते टायरोसिनेज या विकराच्या मदतीने. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन किंवा बेअरबेरीच्या पानांतील अर्ब्युटिन या विकराला आवर घालते. नवे मेलॅनिन कमी बनते, पण आधीचे जायला त्वचेचा वरचा थर झडून नवा यावा लागतो आणि त्याला साधारण महिना जातो. म्हणून पुळ्यांचे डाग किंवा उन्हाने आलेला काळपटपणा फिका व्हायला दोन-तीन महिने धरावेत. जन्मजात रंग बदलत नाही, आणि तो बदलायची गरजही नाही. दिवसा सनस्क्रीन लावले नाही, तर रात्री लावलेल्या लोशनचे काम ऊन दुपारी पुसून टाकते.

हळद तर या भागाच्या शेतातलीच. वाशीम आणि शेजारच्या हिंगोलीत ती पिकते आणि लग्नाआधी नवरा-नवरीला लागते. आधी नागपुरात किराणा दुकान चालवणाऱ्या केशव पेंढरकरांनी 1952 मध्ये विको कंपनी सुरू केली. पुढे या कंपनीने हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल घातलेली क्रीम घरोघरी पोहोचवली. हळदीतील कर्क्युमिन त्वचेचा दाह कमी करते. लिंबाचा रस मात्र चेहऱ्याला लावू नये. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग उलट गडद होतात.

झाडापासून आलेले ते निर्धोक, हा समज महागात पडू शकतो. जपानमध्ये कानेबो कंपनीने रोडोडेंड्रॉल असलेली उजळवणारी उत्पादने विकली. भूर्जाच्या जातीच्या झाडांच्या सालीत आढळणारे हे द्रव्य. ते लावून 19,000 हून अधिक लोकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले आणि 2013 मध्ये ही उत्पादने परत मागवावी लागली. वाशीम 1998 पर्यंत ज्या अकोला जिल्ह्यात होते, तिथली घटना याहून जवळची. तिथल्या एका कुटुंबातील आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीनंतर 2023 मध्ये समोर आले. पारा मेलॅनिन झपाट्याने रोखतो, म्हणूनच तो चोरून मिसळला जातो. भारतात अशा क्रीममध्ये तो घालायला बंदी आहे. काही क्रीममध्ये स्टेरॉइडही असते. चार-आठ दिवसांत गोरे करणारी क्रीम संशयास्पदच मानावी.

नवे लोशन थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर ते दिवसातून दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ती बाटली बाजूला ठेवावी. काही झाले नाही तर चेहऱ्यावर आधी रात्री, थोडेसे लावावे. विकत घेताना उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापरण्याची मुदत पाहावी. बिनलेबलच्या डब्या घेऊ नयेत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे ज्येष्ठमध यादीच्या तळाशी असेल तर तो नावापुरताच असण्याची शक्यता असते. गर्भवती आणि वांग असलेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कुठलीही उजळवणारी क्रीम लावल्यावर चेहरा किंवा पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर ती लगेच बंद करावी आणि दवाखान्यात जाताना डबी सोबत न्यावी.