नदीकाठची नाणी आणि मेटल डिटेक्टरबद्दलचे गैरसमज

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड गावाच्या शिवारात रात्री बॅटऱ्या चमकू लागल्या. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट नुकताच येऊन गेला होता. इथल्या मातीत मुघलांचं सोनं आहे अशी आवई उठली आणि माणसं कुदळ-फावडी घेऊन दुसऱ्याची शेतं उकरायला लागली. काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली १६८१ च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूर लुटलं, हे खरं. पण लूट उचलून नेण्यासाठी करतात, शेतात पुरून जाण्यासाठी नाही. एवढा साधा विचारसुद्धा त्या रात्रींत कुणाला थांबवू शकला नाही.

पूर्वी गुप्तधन दिसतं ते पायाळू माणसाला, अशी समजूत होती. आता पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे, एवढाच फरक. आणि यंत्र हातात आलं की पाय नदीकडे वळतात, कारण आपली जुनी गावं नदीकाठचीच आहेत. गोदावरीवर पैठण आणि नाशिक, प्रवरेवर नेवासे, जोर्वे, दायमाबाद, पंचगंगेवर कोल्हापूर, तेरणेवर तेर. पाऊस सरला, पाणी ओसरलं की थडीची दरड कोसळते आणि मातीतून खापरं, मणी, एखादं नाणं खाली येतं. नदीकाठी जुनं काही सापडतं, हे अगदी खरं आहे. त्याभोवती जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं खोटं आहे.

पहिला गैरसमज यंत्राविषयीचा. ‘दहा फूट खोल सोनं दाखवतं’ असं विकणारा सांगतो. मेटल डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू असेल तर त्या धातूत छोटे छोटे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उलट येतं आणि यंत्र वाजतं. हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतं. त्यामुळे साध्या यंत्राला एकटं नाणं वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत कळतं. मोठा हंडा किंवा तोफेचा गोळा असेल तर थोडं अधिक खोल. दहा फूट खालचं नाणं दाखवणारं यंत्र विकायला कुणी आलाच, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. हातात दोन सळया धरून मैलभर अंतरावरचं सोनं हुडकणारी जी ‘लाँग रेंज’ यंत्रं विकली जातात, ती तर निव्वळ फसवणूक आहे.

सोनं वेगळं ओळखू येतं, हाही समजच. यंत्र धातूचं नाव सांगत नाही. वस्तूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे, यांचा एकत्रित अंदाज ते देतं. बारीक सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांचे आकडे एकमेकांच्या अगदी शेजारी येतात. म्हणून नदीकाठी ‘सोन्याचा’ आवाज आला की बहुतेक वेळा निघते ती औषधाच्या गोळ्यांची पन्नी नाहीतर बाटलीचं बूच. त्यात आपली जमीन बसाल्टची. त्या दगडात मॅग्नेटाइट असतं आणि नदीच्या वाळूत त्याचे काळे कण साठतात. अशा वाळूवर स्वस्तातलं यंत्र रिकाम्या जागीही कुरकुरत राहतं. परदेशातल्या हिरव्या शेतांवरचे व्हिडिओ पाहून आपल्या नदीपात्राचा अंदाज बांधता येत नाही.

घाटांवर मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात. ‘याच चुंबकाने जुनी नाणीही येतील’ असं मोठी माणसंही म्हणतात. येणार नाहीत. सोनं, चांदी, तांबं, शिसं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. सातवाहनांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी नाहीत, तांब्याची शिवराई नाही, सोन्याचा होनही नाही. चुंबकाला चिकटतात ती आपल्या काळातली पोलादी नाणी. चुंबकाला काही लागलं तर ते बहुधा लोखंड आहे, याहून अधिक काही त्यावरून समजू नये.

आणि यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा क्वचितच कुणी सांगतं. आपल्या नद्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग धातूचा नाहीच. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना सापडली ती अश्मयुगीन दगडी हत्यारं. जोर्व्याचं नाव पुरातत्त्वात अजरामर झालं ते तिथल्या तांबड्यावर काळ्या नक्षीच्या मडक्यांमुळे. दगड, माती, शंख, हाड यांच्यापुढे मेटल डिटेक्टर आंधळा आहे. त्याच्या मागे लागून नाण्यासाठी खड्डा खणणारा माणूस याच गोष्टी कुदळीने फोडून बाजूला टाकतो.

आता कायदा. ‘नदी कुणाच्या बापाची?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये आहे. नद्या, ओढे, नाले यांची पात्रं राज्य शासनाच्या मालकीची आहेत. त्याखेरीज भारतीय गुप्तधन कायदा, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे सापडलं, कधी सापडलं, एवढं त्यात लिहायचं. दहा रुपये ही १८७८ सालची मर्यादा आहे. आज तिच्यातून जवळजवळ काहीच सुटत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तेवढाच पसरलेला आहे आणि माझ्या मते तोच जास्त नुकसान करतो: ‘सांगितलं की सरकार सगळं घेऊन जातं, हाती धुपाटणं.’ कायदा वाचला तर चित्र निराळं दिसतं. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरच्या एका तारखेला बोलावतात. धन बेवारस ठरलं आणि जागेचा मालक वेगळा असेल, तर दोघांत काही करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाचा असतो. शासनाला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. उलट ज्याने कळवलंच नाही, त्याचा वाटा शासनजमा होतो आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पंचाईत अशी की धातूच्या भावाने दिलेली रक्कम दुर्मिळ नाण्याच्या बाजारभावापुढे फारच तोकडी पडते. हा कायदा जुना झाला आहे आणि तो बदलायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. पण तो बदलेपर्यंत गुपचूप सराफाकडे जाऊन नाणं वितळवणं हा त्यावरचा उपाय नाही.

संरक्षित स्थळांची गोष्ट वेगळी. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा स्मारक कायदा तिथे लागू होतो आणि परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. केंद्राच्या कायद्यात २०१० नंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. किल्ला, घाट, टेकाड संरक्षित आहे का, हे तिथल्या निळ्या फलकावरून कळतं. फलक मोडला असेल तर तहसील कचेरीत विचारावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने ‘पुरावस्तू’ ठरते. ती देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करणंही. मात्र आजोबांची जुनी नाणी घरात असणं गुन्हा आहे, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

‘इंग्लंडात बघा, सापडेल ते त्याचं!’ हे तर मी कितीदा ऐकलं आहे. इंग्लंडातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या थेम्स नदीचं आहे, म्हणून तिथलेच नियम बघू. थेम्सचं पाणी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा ओसरतं आणि काठचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात प्राणवायू कमी असल्यामुळे कातडं, लाकूडसुद्धा शतकानुशतकं टिकतं. तिथे शोधायला पोर्ट ऑफ लंडन ॲथॉरिटीचा परवाना लागतो. उकरायचं नाही, नुसतं वरवर बघायचं आहे, तरीही लागतो. साध्या परवान्यावर साडेसात सेंटिमीटरपर्यंतच खणता येतं, म्हणजे चार बोटं. क्वीनहाइथसारख्या संरक्षित घाटावर तेही नाही. ३०० वर्षांहून जुनं काही मिळालं तर संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला दाखवावं लागतं. सोन्याचांदीचं असेल तर १९९६ चा ट्रेझर कायदा लागतो आणि १४ दिवसांत ‘कॉरोनर’ या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर बाजारभावाने बक्षीस मिळतं आणि ते जमीनमालकाबरोबर वाटून घ्यायचं असतं. स्कॉटलंडमध्ये नियम याहून कडक आहेत.

मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती वेगळीच गोष्ट. १९९७ पासून तिथे सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची जागेसकट नोंद करण्याची योजना चालते. पंधरा लाखांहून अधिक वस्तू त्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या पुष्कळशा मोडक्या अंकुड्या, बटणं, झिजलेली नाणी. विकायला गेलं तर कवडीमोल. पण नकाशावर एकत्र मांडल्या की कुठे बाजार भरत असे, कुठून रस्ता जात असे, ते दिसू लागतं.

आपल्याकडे नोंदीआधी काय होतं? नाणं घासलं जातं. चिंच, लिंबू, राख, पितळेची भांडी घासायची पूड, जे हाती लागेल त्याने. ‘चकचकीत केलं की भाव येतो’ हा समज इतका पक्का आहे की समजवायला गेलं तर लोक आपल्याच तोंडाकडे बघतात. तांब्याच्या नाण्यावर चढलेला हिरवट-तपकिरी थर ही नुसती घाण नसते. नाण्याचा पृष्ठभागच शतकांत बदलून तसा झालेला असतो आणि अक्षरांचे उठाव पुष्कळदा त्याच थरात उरलेले असतात. तो घासला की शिवराईवरच्या ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ कायमचा जातो. जाणकार संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी भाव देतो, जास्त नाही.

शिवराईवरून आठवलं. नदीत शिवराई मिळाली की वर्तमानपत्रात ‘शिवकालीन नाणं सापडलं’ असं छापून येतं. शिवराई छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केली, पण ती पाडली गेली पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही. दुदांडी शिवराई ही तर पेशवेकाळातलीच. सापडणाऱ्यांतली बहुतेक नाणी नंतरची असतात. त्याने त्यांचं मोल कमी होत नाही, फक्त काळ नीट सांगितला पाहिजे. राम दरबार किंवा हनुमान असलेलं, १८१८ सालचं म्हणून दाखवलं जाणारं ईस्ट इंडिया कंपनीचं ‘आण्याचं नाणं’ मात्र सरळ बनावट आहे. तांदूळ ओढून घेणाऱ्या ‘राइस पुलर’ भांड्याच्या नावाखाली तर लोकांनी घरंदारं गमावली आहेत.

हे सगळं ज्या एका गोष्टीसाठी मांडतो आहे, ती दायमाबादची आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावरचं हे टेकाड. १९७४ साली तिथे एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. कुदळीला धातू लागला. बाहेर आली चार ओतीव कांस्यशिल्पं: दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा सारथी, एक रेडा, एक हत्ती, एक गेंडा. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. भारतातल्या कुठल्याही संग्रहालयाला अभिमान वाटावा अशा या वस्तू. त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या असत्या तर त्यांच्या भोवतीची माती, शेजारचं खापर, जळका दाणा यांवरून काळ ठरला असता. ते घडलं नाही. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींनी १९७५ ते १९७९ पर्यंत तिथे मोठं उत्खनन केलं, एकावर एक पाच संस्कृतींचे थर उलगडले. साळींसारख्या अभ्यासकांनी ही शिल्पं उत्तर हडप्पा काळातली मानली. धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळल्यामुळे इतर अभ्यासकांनी शंका घेतली. वाद आजही संपलेला नाही. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. वस्तू जगासमोर आली ती त्याच्यामुळेच. पण मूळ उपटताना भोवतीची जी माती विस्कटली, तिच्याबरोबर काळाचा पुरावाही विस्कटला. तिथे तर हेतू चोरीचा नव्हता. रात्री बॅटरी लावून मुद्दाम उकरणाऱ्याच्या हातून काय जात असेल?

त्याच्या शेजारी कोल्हापूरची ब्रह्मपुरी ठेवून पाहा. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडातून पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आली. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. घरांच्या भिंती, खापरं, सातवाहन नाणी यांचे थर नोंदले गेले. म्हणून आज आपण म्हणू शकतो की समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या या गावाचं रोमन व्यापाराशी नातं होतं. एकटी मूर्ती जुन्या बाजारात मिळाली असती तर ती कुणीतरी विलायतेहून आणलेली शोभेची वस्तू ठरली असती.

‘पण नदीच्या वाळूत पडलेल्या वस्तूला कसली आली जागा? ती तर वाहत आलेली’ असं म्हणाल. पुष्कळदा ती फार लांबून आलेली नसते. पावसाळ्यानंतर पात्रात दोन-चार जुनी नाणी दिसली तर वरची दरड पाहावी. तिच्यात राखेचा पट्टा, खापरांचा थर, ज्याला गावात ‘पांढरी’ म्हणतात ती जुन्या वस्तीची माती दिसते का? दिसली तर नदी एका गावाला कुरतडते आहे, आणि पाच-दहा वर्षांत ते नाहीसं होईल. बेसुमार वाळूउपशाने हा वेग आणखी वाढतो. अशा वेळी खिशात गेलेलं नाणं म्हणजे हरवलेला निरोप.

म्हणून दिवाळीच्या सुमारास, पाणी उतरल्यावर, नदीकाठी काही दिसलंच तर ते धुऊ नका. हलवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक असा की मागची दरड, झाड, घाट ओळखू येईल. जागेचं नाव, तारीख, वस्तू किती खोल होती ते कागदावर लिहा. आजूबाजूला खणू नका. तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.